मोठा कोण आणि भारी कोण?

बॉक्सिंग बघणाऱ्या दोन माणसांना एका टेबलाशी बसवा, पुढ्यात चहा ठेवा आणि एवढंच विचारा, "रॉकी मार्सियानो आणि टायसन फ्युरी समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं?" चहा गार होईल, पण वाद संपायचा नाही.

मार्सियानो १९५२ ते १९५६ या काळात हेवीवेट जगज्जेता होता. ४९ लढती, ४९ विजय, आणि अपराजित राहूनच निवृत्त. उंची ५ फूट साडेदहा इंच, वजन साधारण १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो. फ्युरी ६ फूट ९ इंच. वजन २६० ते २८० पौंड, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. एक माणूस दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट!

इथे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक 'आकारवाले'. त्यांचं म्हणणं, चाळीस किलोचा फरक कुठल्याही कौशल्याने भरून निघत नाही, विषय संपला. दुसरे 'शैलीवाले'. ते म्हणतात, डेम्पसीने विलर्डला लोळवलं तेव्हा कुठे गेला होता आकार? दोघांकडेही उदाहरणं भरपूर आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांचीही उदाहरणं खरी आहेत. एकाच इतिहासातून दोन उलटे निष्कर्ष निघत असतील, तर बहुतेक वेळा प्रश्न नीट मांडलेला नसतो. या लेखात तोच जरा नीट मांडून बघूया.

हा वाद हेवीवेटमध्येच का?

कारण बाकी सगळ्या गटांत तो नियमांनीच मिटवलेला आहे. वेल्टरवेटची मर्यादा १४७ पौंड, मिडलवेटची १६०. किताबाच्या लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर अर्धा पौंड जास्त भरला तरी बोंब होते. हेवीवेटला मात्र वरची मर्यादाच नाही. आज २०० पौंडांच्या वर गेलात की तुम्ही हेवीवेट. मग समोरचा २१० चा असो की ३१० चा.

पूर्वी तर परिस्थिती आणखी विचित्र होती. १७५ पौंडांपर्यंत लाइट हेवीवेट, आणि त्याच्यावर सरसकट हेवीवेट. मधला क्रूझरवेट गट १९७९-८० च्या सुमारास आला, तोही आधी १९० पौंडांचा. म्हणजे त्याआधीची पाऊणशे-ऐंशी वर्षं, १८० पौंडांच्या माणसाला समोर येईल त्या धिप्पाड गड्याशी लढावंच लागायचं. म्हणून जुन्या काळच्या 'छोट्याने मोठ्याला हरवलं' अशा गोष्टी भरपूर सापडतात. छोट्यांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

आकार नक्की देतो काय?

तीन गोष्टी. पहिली, हातांची लांबी. माझा हात तुझ्यापर्यंत पोचतो आणि तुझा माझ्यापर्यंत पोचत नाही, हा सरळ हिशोब. दुसरी, ठोशामागचं वजन. आणि तिसरी, जी टीव्हीवर पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे मिठी. क्लिंचमध्ये मोठा माणूस छोट्याच्या मानेवर, खांद्यांवर आपला भार टाकतो. दर राऊंडला पाच-सहा वेळा शंभर-सव्वाशे किलोचं ओझं अंगावर घेऊन उभं राहा, मग आठव्या राऊंडला पाय कुठे आहेत ते शोधावं लागतं.

आता आकार घेतो काय, तेही बघा. अकरावीतलं भौतिकशास्त्र आठवा. माणूस सगळ्या बाजूंनी १० टक्के मोठा केला, तर स्नायूंचा छेद २१ टक्क्यांनी वाढतो, पण वजन वाढतं ३३ टक्क्यांनी. म्हणजे ताकद वाढते, पण जे ओझं हलवायचं ते त्याहून जास्त वाढतं. मोठा माणूस हळू सुरू होतो, हळू थांबतो, आणि लवकर दमतो. (हा नियम ढोबळ आहे, माणसं काही फोटो एन्लार्ज केल्यासारखी मोठी होत नाहीत. पण दिशा बरोबर आहे.)

थोडक्यात, आकार हे भांडवल आहे. ते वापरायचं कसं हे कळलं नाही तर नुसता देखभालीचा खर्च.

ज्यांना वापरता आलं नाही

४ जुलै १९१९, टोलेडो, ओहायो. जगज्जेता जेस विलर्ड, ६ फूट साडेसहा इंच, २४५ पौंड. समोर जॅक डेम्पसी, ६ फूट १ इंच, १८७ पौंड. फरक ५८ पौंडांचा. पहिल्याच राऊंडमध्ये विलर्ड सात वेळा खाली पडला. तिसऱ्या राऊंडनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही.

शैलीवाल्यांचं हे लाडकं उदाहरण. पण जरा खोलात जा. विलर्डने हे विजेतेपद १९१५ मध्ये हवानात जॅक जॉन्सनला २६ व्या राऊंडला हरवून मिळवलं होतं. त्यानंतर टोलेडोपर्यंतच्या चार वर्षांत त्याने किताब पणाला लावला तो फक्त एकदा, १९१६ मध्ये. वय ३७. उभा राहायचा सरळ खांबासारखा. डेम्पसी खाली वाकून, डोकं डावी-उजवीकडे हलवत आत शिरायचा आणि वाकलेल्या अवस्थेतून उसळून हुक मारायचा. त्यात त्या काळी 'प्रतिस्पर्धी पडला की दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहा' हा नियम नव्हता. विलर्ड गुडघ्यावरून उठत असतानाच डेम्पसी त्याच्या शेजारी हात उगारून तयार! म्हणजे ही लढत छोटा विरुद्ध मोठा एवढीच नव्हती. एक बाजू पूर्ण शिकलेली आणि दुसरी गंजलेली, असा तो मामला होता.

पुढे १९३४ मध्ये इटलीच्या प्रिमो कार्नेराची तीच गत झाली. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, वजन २६० च्या पुढे. कार्नेराला मॅक्स बेअरने अनेकदा खाली पाडून ११ व्या राऊंडला लढत संपवली, आणि पुढच्याच वर्षी जो लुईने सहाव्या राऊंडला. कार्नेराला बॉक्सिंगमध्ये आणलं होतं ते त्याच्या आकाराकडे बघून. तिकिटं खपायची. शिकवण्याची घाई कोणालाच नव्हती.

पण आकारवाल्यांचाही पुरावा त्याच जुन्या काळात सापडतो. बॉब फिट्झसिमन्स हा १६७ पौंडांचा माणूस. आजच्या हिशोबात मिडलवेटच्या जरासा वर. त्याने १८९७ मध्ये कार्सन सिटीला जिम कॉर्बेटला पोटाच्या वरच्या भागात ठोसा मारून झोपवलं आणि जगज्जेता झाला. दोन वर्षांनी समोर आला जिम जेफ्रीज, २०६ पौंड. जेफ्रीज खाली वाकून, डावा हात पुढे काढून लढायला शिकलेला होता. फिट्झसिमन्स जास्त हुशार, जास्त अनुभवी, पण ११ व्या राऊंडला खेळ खलास. म्हणजे मोठा माणूस जरा शिकून आला की चित्र पालटतं.

दगड, कागद, कात्री

आता या वादाच्या मधोमध येऊ. १९७० च्या दशकातले चौघे: मुहम्मद अली, जो फ्रेझियर, केन नॉर्टन आणि जॉर्ज फोरमन.

८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोघेही अपराजित. फ्रेझियर ६ फुटांपेक्षा जरा कमी, अली ६ फूट ३ इंच, आणि हातांच्या लांबीत अलीला चांगली पाच इंचांची आघाडी. पंधरा राऊंड झाले. पंधराव्यात फ्रेझियरच्या डाव्या हुकने अली पाठीवर पडला, आणि तिन्ही परीक्षकांनी कौल फ्रेझियरला दिला.

२२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. तोच फ्रेझियर, समोर जॉर्ज फोरमन. दोन राऊंडांत फ्रेझियर सहा वेळा खाली. रेफ्रीने लढत थांबवली.

३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा, झैर. तोच फोरमन, वय २५. समोर ३२ वर्षांचा अली. आठव्या राऊंडला फोरमन खाली आणि नॉकआउट.

म्हणजे फ्रेझियर > अली, फोरमन > फ्रेझियर, आणि अली > फोरमन. या तिघांना सॉर्ट करायला बसलात तर प्रोग्रॅम संपणारच नाही, गोल गोल फिरत राहील. मधल्या काळात जानेवारी १९७४ ला अलीने फ्रेझियरवर परतफेड केली आणि १९७५ ला मनिलात पुन्हा हरवलं, हे खरं. पण कशी? तिन्ही लढती मिळून अली-फ्रेझियर ४१ राऊंड खेळले. नॉर्टनशीही अलीच्या तीन लढती झाल्या. पहिलीत १९७३ च्या मार्चमध्ये नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. पुढच्या दोन अलीने जिंकल्या, त्याही जेमतेम. तीन लढतींचे मिळून ३९ राऊंड. म्हणजे या दोघांबरोबर अलीचे एकूण ८० राऊंड गेले.

आणि फोरमन? त्याने फ्रेझियरला दोनदा हरवलं, दुसऱ्या आणि पाचव्या राऊंडला. नॉर्टनला १९७४ मध्ये काराकासला दुसऱ्याच राऊंडला. तीन लढती मिळून नऊ राऊंडसुद्धा पूर्ण झाले नाहीत! ज्यांच्याशी अली ८० राऊंड झगडला, त्यांना फोरमनने नवाच्या आत निकालात काढलं. आणि मग अलीने फोरमनला.

असं का झालं? इथेच खरी मजा आहे.

फ्रेझियरचा सगळा खेळ आत शिरण्याचा. डोकं खाली, धड सतत डोलतं, आणि जॅबच्या खालून घुसून डावा हुक. अलीला मागे झुकून ठोसे चुकवायची सवय होती, आणि अपरकट हे काही त्याचं मुख्य हत्यार नव्हतं. म्हणजे फ्रेझियरचं डोकं ज्या वाटेने यायचं, त्या वाटेवर अलीकडे पहारेकरीच नव्हता. फोरमनचं मात्र तेच हत्यार. तो दोन्ही हात पुढे काढून फ्रेझियरला खांद्याला धरून चक्क ढकलायचा, पाहिजे तेवढं अंतर तयार करायचा आणि खाली वाकलेल्या डोक्यावर खालून अपरकट. फ्रेझियर जेवढ्या हिरिरीने पुढे यायचा तेवढा जास्त मार खायचा. त्याला मागे सरून लढता येतच नव्हतं.

अलीपुढे फोरमनचा हा हिशोब चुकला. अली आत शिरणारा नव्हताच, त्यामुळे ढकलायचं कुणाला? आकारही जवळपास सारखा. फोरमन २२०, अली साधारण २१६ पौंड. पहिल्या राऊंडला अलीने जॅबची वाट न बघता थेट उजवे ठोसे मारले, आणि मग दोरांना टेकून बसला. फोरमनचे रुंद वळणाचे ठोसे हातांवर, कोपरांवर घेतले. जवळ आला की मानेला धरून खाली दाबला. फोरमनला दोन-तीन राऊंडांत काम संपवायची सवय. पाचव्या-सहाव्यापासून त्याचे हात जड झाले, आणि आठव्यात निकाल.

आणि नॉर्टन? त्याच्यामागे एडी फच नावाचा प्रशिक्षक होता. १९७१ च्या लढतीत फ्रेझियरच्या कोपऱ्यातही हाच होता. अली जॅब मारताना दुसरा हात जिथे असायला हवा तिथे नसतो, हे फचने हेरलं होतं. त्याने नॉर्टनला सांगितलं ते साधं होतं: अली जॅब मारेल त्याच क्षणी तूही जॅब मार. अलीच्या पहिल्या दोन्ही पराभवांत हा एक माणूस आहे. हाच फच पुढे १९८५ ला मायकेल स्पिंक्सच्या कोपऱ्यात होता, जेव्हा लाइट हेवीवेटच्या त्या विजेत्याने हेवीवेट विजेत्या लॅरी होम्सला हरवलं. आणि १९९२ ला तो २३५ पौंडांच्या रिडिक बोच्या कोपऱ्यात होता, जेव्हा बोने ३० पौंडांनी हलक्या इव्हँडर होलिफील्डला हरवलं. एकदा छोट्याच्या बाजूने, एकदा मोठ्याच्या. फचला बहुधा आमच्या या वादात काही रस नसता. त्याचा प्रश्न वेगळा असायचा: समोरच्याला कुठल्या अंतरावर लढायचंय, आणि मी त्याला ते मिळू द्यायचं का?

माझ्या मते नीट मांडलेला प्रश्न हाच. मोठा कोण, हे दुय्यम. लढत कोणाच्या अंतरावर होणार, हे मुख्य.

बारा राऊंडांचं राजकारण

पण एवढ्यावर शैलीवाल्यांनी पेढे वाटू नयेत. १९८० नंतर दोन गोष्टी बदलल्या आणि दोन्ही मोठ्यांच्या बाजूने.

एक म्हणजे राऊंड. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये डुक कू किम हा कोरियन बॉक्सर लढतीत झालेल्या दुखापतीने गेला. त्यानंतर किताबाच्या लढती पंधरावरून बारा राऊंडांवर आणल्या गेल्या. आधी वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने, मग त्याच दशकात इतरांनी. निर्णय योग्यच होता. पण त्याचा एक परिणाम असा, की दमणाऱ्या माणसाला तीन राऊंडांची सूट मिळाली. आणि दमतो कोण? ज्याच्याकडे जास्त वजन आहे तो.

हे तीन राऊंड किती मोठे असतात ते बघा. १८ जून १९४१, जो लुई विरुद्ध बिली कॉन. कॉनचं जाहीर वजन १७४, लुईचं जवळपास २००. बारा राऊंड संपले तेव्हा एका परीक्षकाच्या कागदावर बरोबरी होती आणि दोघांच्या कागदावर कॉन पुढे होता. तेराव्यात तो लुईला पाडायला गेला आणि स्वतःच पडला. आजच्या नियमाने कॉन जगज्जेता. उलट २३ सप्टेंबर १९५२ ला मार्सियानो बाराव्या राऊंडनंतर तिन्ही कागदांवर जर्सी जो वॉलकॉटच्या मागे होता आणि तेराव्यात एका उजव्या ठोशाने जिंकला. आजच्या नियमाने ती रात्र मार्सियानोची नाही, आणि ४९-० हा आकडाही नाही. 'छोटा पण न थकणारा' हा मार्सियानोचा सगळा धंदाच पंधरा राऊंडांच्या दुकानात चालणारा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे इमॅन्युएल स्टुअर्ड. डेट्रॉइटच्या क्रॉंक जिमचा प्रशिक्षक. १९८० च्या आसपास त्याने टॉमी हर्न्स घडवला, वेल्टरवेटमध्ये ६ फूट १ इंच. १४७ पौंडांच्या गटात तो ताडमाडच होता. लांब हाताच्या माणसाने लांबच राहून कसं लढायचं, हे स्टुअर्डला चांगलं माहीत होतं. १९९४ ला त्याच्या ऑलिव्हर मॅकॉलने लेनॉक्स लुईसला दुसऱ्या राऊंडला झोपवलं. लुईसने शहाणपणा केला आणि नंतर त्याच स्टुअर्डला आपला प्रशिक्षक नेमलं. ६ फूट ५ इंच, हातांची लांबी ८४ इंच. आता ही लांबी कामाला लागली. जॅब, जॅब, उजवा हात, आणि कोणी आत शिरलाच तर मिठी मारून भार टाकायचा. ८ जून २००२ ला मेम्फिसमध्ये माइक टायसनला हेच जेवण वाढलं गेलं आणि आठव्या राऊंडला तो उताणा झाला.

टायसनचं नाव आलंच आहे तर एक सांगायला हवं. उंची ५ फूट १० इंच म्हणून तो शैलीवाल्यांचा नेहमीचा हुकमाचा एक्का. पण ऐन भरात त्याचं वजन २१५ ते २२० असायचं. तो बुटका होता, हलका नव्हता. त्याची पीक-अ-बू शैली, दोन्ही हात गालाशी आणि डोकं सतत हलतं, ही अंतर कापण्यासाठीच बनवलेली होती. १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने ८३ इंची हातांनी जॅब लावून धरला आणि ते अंतर कापूच दिलं नाही. दहाव्या राऊंडला टायसन खाली. डग्लसला त्या रात्री कोणीही धरलेलं नव्हतं.

स्टुअर्डचा दुसरा मोठा प्रयोग व्लादिमीर क्लिच्को. ६ फूट ६ इंच. २००३ आणि २००४ ला त्याचे दोन वाईट नॉकआउट झाले, आणि हा काचेचा आहे असं सगळे म्हणायला लागले. २००४ पासून स्टुअर्ड त्याच्याबरोबर होता. एप्रिल २००४ च्या त्या पराभवानंतर क्लिच्को पुढचा हरला तो थेट नोव्हेंबर २०१५ मध्ये. अकरा वर्षं! बघायला कंटाळवाणं? हो, बऱ्याचदा. २०१३ ला मॉस्कोत पोव्हेत्किनशी लढताना तर बॉक्सिंग कमी आणि मिठ्या जास्त होत्या. पण काम चोख. विलर्ड आणि कार्नेराला जे कोणी शिकवलं नाही ते इथे शिकवलेलं होतं. मोठा माणूस आणि त्याला शोभणारी शैली एकत्र आली की छोट्याला आत जायला दारच राहत नाही.

आणि नुसता आकार असेल तर? ७ नोव्हेंबर २००९, न्यूरेंबर्ग. निकोलाय व्हॅल्युएव्ह, सात फूट, ३१६ पौंड. समोर क्रूझरवेटमधून आलेला डेव्हिड हे, २१७ पौंड. जवळपास शंभर पौंडांचा फरक. हे सगळी रात्र गोल फिरत राहिला, मध्येच येऊन मारून गेला, आणि गुणांवर जिंकला. हाच हे २०११ ला हॅम्बुर्गमध्ये क्लिच्कोपुढे आला तेव्हा बारा राऊंड त्याला क्लिच्कोपर्यंत धड पोचता आलं नाही. हे तोच, चपळाई तीच. व्हॅल्युएव्हपेक्षा क्लिच्को अर्धा फूट बुटका. तरी भिंत हीच जास्त उंच निघाली.

एकच फ्युरी, दोन निकाल

माझ्या मते या वादातला सगळ्यात स्वच्छ पुरावा अलीकडचा आहे, कारण त्यात माणूस तोच आहे आणि बदललेली गोष्टही तीच आहे: वजन.

डिसेंबर २०१८ ला फ्युरीची डिऑन्टे वाइल्डरशी बरोबरी झाली. परतीच्या लढतीसाठी फ्युरीने प्रशिक्षक बदलला आणि इमॅन्युएलचा पुतण्या शुगरहिल स्टुअर्डला आणलं. (इमॅन्युएल २०१२ ला गेला.) २२ फेब्रुवारी २०२० ला फ्युरी मुद्दाम वजन वाढवून २७३ पौंडांचा होऊन आला, पहिल्या राऊंडपासून पुढे चालत गेला, मिठीत वाइल्डरवर रेलला, आणि सातव्या राऊंडला लढत संपली. वाइल्डरला मागे सरकत लढता येत नव्हतं. वजनाला टेकायला जागा मिळाली.

मग ऑलेक्झांडर उसिक. हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ९१ किलोच्या गटातला सुवर्णविजेता. त्याच ऑलिंपिकमध्ये ९१ किलोच्या वरच्या गटाचं सुवर्ण अँथनी जोशुआचं. म्हणजे हौशी बॉक्सिंगच्या नियमांनी हे दोघे वेगवेगळ्या गटातले. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उसिकने क्रूझरवेटचे चारही किताब २०१८ पर्यंत गोळा केले, वर आला, आणि २०२१ व २०२२ मध्ये जोशुआला दोनदा हरवलं. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये फ्युरी २६२, उसिक २२३ च्या आसपास. नवव्या राऊंडला फ्युरी दोरांवर आदळत राहिला आणि रेफ्रीला आकडे मोजावे लागले. निकाल २-१ ने उसिक. डिसेंबर २०२४ च्या परतीच्या लढतीला फ्युरी पुन्हा वजन वाढवून आला, २८१. उसिक २२६. फरक ३९ वरून ५५ पौंडांवर गेला. निकाल? तिन्ही परीक्षक ११६-११२ उसिक. आधीपेक्षा स्पष्ट.

वाइल्डरवर चाललेली युक्ती उसिकवर का नाही चालली? उसिक डावखुरा. त्याचे पाय एका जागी थांबत नाहीत. तो फ्युरीच्या पुढच्या पायाच्या बाहेर पाय टाकून कोनात उभा राहतो, खोटे हात दाखवून मोठ्या माणसाला सारखं वळायला लावतो. ज्यावर रेलायचं तो तिथे नसेल तर २८१ पौंडांचं करायचं काय? ते मग स्वतःच वाहायचं, बारा राऊंड.

कट-ऑफ आणि रँक

तर मग शैलीवाले जिंकले? थांबा. उसिक 'छोटा' आहे तो फ्युरीच्या शेजारी उभा केल्यावर. ६ फूट ३ इंच, २२३ ते २२६ पौंड. किन्शासातल्या अलीपेक्षा तो जड आहे आणि फोरमनपेक्षाही. मार्सियानोपेक्षा तर जवळपास चाळीस पौंडांनी. राक्षसांना हरवणारा हा आजचा 'बुटका' १९५२ मध्ये राक्षसच ठरला असता.

म्हणून माझं उत्तर असं. आकार हा प्रवेश परीक्षेच्या कट-ऑफसारखा आहे आणि शैली म्हणजे रँक. कट-ऑफच्या खाली असाल तर हुशारी असून उपयोग नाही. एकदा पार केलात की पुढचे जादाचे मार्क हळूहळू कमी कामाला येतात, आणि व्हॅल्युएव्हपर्यंत पोचेस्तोवर ओझंच होतात. मोठ्यांना शिकवणारे आले, राऊंड बारा झाले, आणि हा कट-ऑफ दशकागणिक वर सरकत गेला. १८९७ ला १६७ पौंडांत काम भागलं, १९५२ ला १८५ लागले, आज २२० च्या आसपास. म्हणून मार्सियानो-फ्युरी वादात मी आकारवाल्यांबरोबर. मार्सियानोने आज क्रूझरवेट गाजवलं असतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

हा सगळा वाद चहाबरोबर करायला छान आहे. पण त्याची एक बाजू चहाबरोबरची नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने २०० ते २२४ पौंडांसाठी 'ब्रिजरवेट' नावाचा नवा गट काढला. बऱ्याच चाहत्यांनी नाक मुरडलं. आणखी एक पट्टा, आणखी एक विजेता, आणखी फीचं निमित्त. आणि गंमत बघा, मे २०२४ मध्ये फ्युरीला हरवणारा उसिक वजनाने याच गटात बसत होता. मग या गटाची गरज काय, असा युक्तिवाद लगेच तयार.

मला तो पटत नाही. उसिक शतकातून एखादा होतो. त्याच्याकडे बघून नियम करायचे, म्हणजे टॉपरकडे बघून पेपर काढायचा. २१० पौंडांचा एखादा साधा, मेहनती बॉक्सर, ज्याचं नाव आपण कधी ऐकणारही नाही, तो कुठल्यातरी छोट्या हॉलमध्ये २७० पौंडांच्या माणसासमोर उभा राहतो. त्याच्याकडे उसिकचे पाय नसतात, फचसारखा कोपरा नसतो. त्याच्या डोक्यावर पडणारे ठोसे मात्र खरेच असतात. वजनगट जन्माला आले ते अशा माणसांसाठी, आणि सर्वांत जड गटात ते काम आपण अर्धवट सोडलेलं आहे.

छोट्याने मोठ्याला लोळवलेलं बघायला आपल्याला आवडतंच. टोलेडो, किन्शासा, रियाध, या रात्री म्हणून तर लक्षात राहतात. फक्त एवढंच ध्यानात असू द्यावं, की त्या लक्षात राहिल्या कारण त्या दुर्मिळ होत्या. ज्या रात्री मोठा माणूस सरळ जिंकला, त्यांचा हिशोब कोणी ठेवत बसत नाही.